ब्रेक ऑइल कमी झाले, पण गेले कुठे?

महोदय,

गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ अशी एक ओळ पुष्कळदा असते आणि काच धुण्याच्या पाण्याची ओळ वाचावी तितक्याच निर्धास्तपणे आपण ती वाचतो. माझ्या घरच्या गाडीच्या लागोपाठच्या दोन बिलांवर ही ओळ होती. तिसऱ्यांदा ती लिहिली जाण्याआधीच मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) आणि त्याच्यासोबत बूस्टरही (पायाचा जोर वाढवून देणारा डबा) बदलण्याची पाळी आली. ते काम होत असताना मी शेजारी उभा होतो आणि काही वेळ पेडलवर पाय ठेवून बसलोही होतो. तेव्हा जे पाहिले, त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, कारण न शोधता ब्रेक ऑइल भरून देणे हे काम बिलावर ‘केलेले काम’ म्हणून लिहिलेच जाऊ नये. या मताची कारणे आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

हे ऑइल मुळात कमी का होते, असे आपण सहसा विचारत नाही. इंजिन ऑइल कमी होते तसेच हेही होत असेल, असे धरून चालतो. इंजिन ऑइल थोडेफार जळते हे खरे. ब्रेकचे ऑइल मात्र बंद नळ्यांत कोंडलेले असते, ते जळत नाही आणि वापराने खर्चही होत नाही. मास्टर सिलिंडरला ऑइल पुरवणाऱ्या बाटलीतली पातळी खाली येण्याची कारणे फक्त दोन. चाकाच्या तबकडीवर दाबले जाणारे पॅड झिजतात तसतसा त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे वाढलेली जागा भरायला बाटलीतले ऑइल खाली उतरते, हे पहिले कारण. ही घट अतिशय संथ असते, हजारो किलोमीटरवर पसरलेली असते आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ते ऑइल पुन्हा वर येते. मधल्या काळात काठोकाठ भरून ठेवलेली बाटली पॅड बदलताना उतू जाते ती यामुळेच. दुसरे कारण गळती. तिसरे कारण नाही. माझ्या दुसऱ्या बिलावर टॉप-अपच्या ओळीच्या जरा वरच पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असल्याची नोंद होती आणि आदल्या बिलावरही जवळपास तीच नोंद होती. म्हणजे पहिले कारण त्या कागदांवरच निकालात निघाले होते. त्या दोन ओळी एकत्र वाचायला कोणी थांबले नाही, मीही नाही.

लक्षण पहिल्यांदा माझ्या पत्नीच्या ध्यानात आले. सिग्नलला गाडी उभी असताना ब्रेकवर हलका पाय ठेवला की पेडल हळूहळू, एखाद्या ओल्या गादीवर पाय ठेवल्यासारखे, खाली जाते, असे ती म्हणाली. मी गाडी बाहेर काढली, चांगल्या वेगात असताना जोरात ब्रेक मारून पाहिला, गाडी जागच्या जागी थांबली, आणि ‘काही झालेले नाही’ असा निर्वाळा मी दिला. माझी चाचणीच चुकीची होती, हे नंतर कळले. मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनवर रबराचे वॉशर असतात, वाटीच्या आकाराचे. जोरात दाब आला की त्या वाटीची कड फाकते आणि सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटते; दाब हलका असला तर झिजलेली कड भिंतीला पुरती टेकत नाही आणि ऑइल तिच्या बाजूने निसटते. म्हणून दुखणाऱ्या मास्टर सिलिंडरची परीक्षा हलक्या, टिकवून धरलेल्या पायानेच होते. जोराच्या ब्रेकला तो पास होतो आणि सिग्नलला नापास होतो.

गॅरेजमध्ये सांगितल्यावर ‘लाइनमध्ये एअर असेल’ असे उत्तर मिळाले, चारही चाकांतून हवा काढून दिली गेली आणि आठवडाभर पेडल जरा बरे वाटले. या उत्तरात दोन वेगळ्या दुखण्यांची गल्लत आहे आणि ती फार सर्रास होते, म्हणून थोडे सांगतो. नळीत हवा असली तर पेडल मऊ लागते, दाबले की स्पंजासारखे दबते, दोन-तीनदा भराभर मारले की वर येते. पण पाय धरून ठेवला तर जिथे थांबले तिथेच राहते. वॉशर सोडू लागला असेल तर पेडल सुरुवातीला चांगले कडकही लागू शकते, मात्र धरून ठेवलेल्या पायाखाली ते थांबतच नाही, सावकाश जमिनीकडे निघते. (इंजिन सुरू करताना पेडल एकदाच किंचित खाली जाते, ते वेगळे. ते बूस्टर काम करत असल्याचे लक्षण आहे आणि तसे झाले नाही तर काळजी करावी.) अर्धा मिनिट पाय न हलवता धरून ठेवणे, एवढीच ती तपासणी. तिला अवजार लागत नाही, की लिफ्टवर गाडी चढवावी लागत नाही.

आता ऑइल गेले कुठे, याकडे येतो. गाडीखाली फरशीवर कधी एक थेंब दिसला नव्हता. चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या होत्या. ज्या गाड्यांत क्लचही याच बाटलीतले ऑइल वापरतो, त्यांत क्लचचा सिलिंडरही पाहावा लागतो. तोही कोरडा निघाला. दुसऱ्या एका मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि बाटलीकडे न पाहता सरळ मास्टर सिलिंडरच्या मागे, तो बूस्टरला जिथे टेकतो त्या सांध्याखाली बोट फिरवले. बोट ओले झाले. मग त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात बूस्टरचा खालचा भाग दाखवला. सांध्याच्या बरोबर खाली हाताच्या तळव्याएवढ्या जागेत काळ्या रंगाला फोड आले होते, मधोमध रंग पापुद्र्यासारखा सुटला होता आणि त्याखालचा पत्रा तांबूस पडला होता. ब्रेकचे ऑइल रंग उतरवते, हे ज्याच्या हातून ते एकदा बॉनेटवर सांडले आहे त्याला सांगावे लागत नाही. तो डाग काही एका आठवड्याचा नव्हता. दोन्ही वेळा टॉप-अप करणाऱ्या माणसाचा हात त्या डागापासून वीतभर अंतरावर होता.

मास्टर सिलिंडरची रचना पाहिली की ही गळती फरशीवर का दिसत नाही ते समजते. एकाच नळकांड्यात दोन पिस्टन एकामागे एक असतात आणि प्रत्येक जण ब्रेकचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतो. अमेरिकेत १९६८पासून प्रवासी गाड्यांना अशी दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली आणि आज ती सगळीकडेच आहे. एक बाजू पूर्ण निकामी झाली तरी दुसरी, पेडल बरेच खोल जाऊन आणि अंतर बरेच जास्त घेऊन का होईना, गाडी थांबवते. पण सगळ्यात मागच्या वॉशरने दम सोडला तर त्याच्यामागे असतो तो थेट बूस्टर, म्हणजे रबरी पडद्याने दुभागलेला पत्र्याचा मोठा गोल डबा. चालत्या इंजिनाने त्याच्यात निर्वात पोकळी तयार होते आणि ती पोकळी पाझरणारे ऑइल आत ओढूनच घेते. बाहेर दिसतो तो सांध्यावरचा ओलावा फक्त. बाकीचे सगळे डब्यात साठत राहते. ते फारच साठले तर नळीतून इंजिनात ओढले जाऊन धुरांड्यातून पांढरा धूर येऊ लागतो, इथपर्यंतही मजल जाते.

दोन नट काढून मिस्त्रींनी मास्टर सिलिंडर पुढे ओढला तेव्हा त्याच्या शेपटाकडून चहाच्या रंगाची एक बारीक धार खालच्या चिंधीवर पडली. नंतर बूस्टरच्या तोंडातून सिरिंजला जोडलेली नळी आत सोडून त्यांनी जे बाहेर काढले, ते माझ्या दोन्ही टॉप-अपचा हिशेब पुरा करण्याइतके होते. मी सात-आठ महिने ब्रेकमध्ये ऑइल भरतो आहे असे समजत होतो. ते भरले जात होते बूस्टरमध्ये.

टॉप-अपला माझा खरा आक्षेप इथे आहे. पातळी ठरावीक रेषेखाली गेली की बाटलीतला तरंगता खटका डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावतो. हँडब्रेकचा आणि याचा दिवा बहुतेक गाड्यांत एकच असतो, त्यामुळे आधीच तो गांभीर्याने घेतला जात नाही. गळतीबद्दल गाडी आपणहून काही सांगू शकते ते एवढ्या एका दिव्यानेच. बाटली पुन्हा भरली की तो दिवा लागत नाही आणि गळती चालू राहते. आणखी एक गोष्ट अशी की, वॉशर आतल्या आत सोडत असेल, म्हणजे ऑइल पिस्टनच्या पुढून मागे जाऊन पुन्हा बाटलीतच येत असेल, तर पातळी तसूभरही हलत नाही आणि दिवा कधीच लागत नाही. ते दुखणे फक्त पायाला कळते. आमच्या गाडीत दोन्ही प्रकार एकदम चालू होते.

दुरुस्ती म्हणजे रबरी किट टाकावे की सिलिंडरच नवा घ्यावा, यावर आम्ही थोडा वाद घातला. किट स्वस्त पडते, म्हणून माझा कल तिकडे होता. मिस्त्रींनी जुना सिलिंडर खोलून पिस्टन बाहेर काढले, आतली पोकळी पुसली आणि उजेडाकडे धरून मला पाहायला लावली. भिंतीवर लांबीच्या दिशेने दोन बारीक रेघा होत्या आणि तळाशी, जिथे पिस्टन एरवी पोहोचत नाही तिथे, पांढुरके खवले होते. पूर्वीच्या बिडाच्या सिलिंडरला आतून घासून गुळगुळीत करता येत असे. हल्लीचे सिलिंडर ॲल्युमिनियमचे असतात. त्यांच्या आतल्या भिंतीवर एक कठीण, पातळ थर दिलेला असतो आणि घासताना तोच निघून जातो. अशा भिंतीवर नवे रबर फार दिवस टिकत नाही. भिंत निष्कलंक असेल तर किट चालते. ती पाहिल्याशिवाय किट टाकणारा माणूस अंदाजावर काम करतो आहे, असे समजावे.

खवले आले ते पाण्याने. ‘ऑइल’ हा शब्द आपल्या तोंडी बसला असला तरी हे तेल नव्हे, ते ग्लायकॉलच्या जातीचे द्रव्य आहे आणि हवेतला दमटपणा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. (या चुकीच्या नावामुळे बाटलीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओतणारेही असतात. खनिज तेल लागले की ब्रेकमधली रबरे फुगतात आणि मग नुसता मास्टर सिलिंडर बदलून भागत नाही, जिथे जिथे रबर आहे तिथे तिथे जावे लागते.) ब्रेक ऑइलचे दर्जे डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी ओळखले जातात. नव्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकाची अपेक्षाच १५५ अंशांवर उतरते. डॉट ३साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांबच्या घाटउतारावर ब्रेक तापले की हा फरक जाणवतो, कारण उकळलेल्या द्रव्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. तेच पाणी सिलिंडरची भिंतही खाते. म्हणून बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी, हे द्रव्य पूर्ण बदलायला सांगतात. आमच्या गाडीत ते पाच वर्षांत एकदाही बदलले गेले नव्हते, फक्त वरून भरले गेले होते. जुन्या पाण्यावर नवे घोटभर ओतल्याने जुने पाणी कुठे जात नाही.

बसवण्याच्या कामातल्या दोन-तीन गोष्टी मला मुद्दाम नोंदवाव्याशा वाटतात. नव्या सिलिंडरमध्ये सुरुवातीला हवाच असते. मिस्त्रींनी तो गाडीत लावण्याआधी व्हाइसमध्ये आडवा धरला, त्याच्या दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची दुसरी टोके वर बाटलीतच बुडवली आणि बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबत राहिले. पहिल्या दहा-बारा दाबांत बुडबुड्यांची रांग लागली, मग एकेकटा बुडबुडा येऊ लागला, मग नुसते स्वच्छ द्रव्य फिरू लागले. हे पाच-दहा मिनिटांचे काम टाळले तर चाकांकडून हवा काढता काढता माणूस थकतो आणि तरी पेडल मऊच राहते. पाईपचे नट सोडवायला त्यांनी नटाला जवळजवळ पूर्ण वेढणारा, फक्त पाईपापुरती फट असलेला पाना वापरला; साध्या फिक्स पान्याने त्या नटांचे कोपरे झिजतात आणि मग पाईपसुद्धा नवा लागतो. बूस्टरमधून येणाऱ्या दांड्याची लांबीही त्यांनी मोजली. तो जरा लांब राहिला तर पिस्टन पुरता मागे येत नाही, द्रव्य बाटलीत परतायचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक हळूहळू आपणहून आवळत जातात. आखूड राहिला तर पेडलची रिकामी चाल वाढते.

हवा काढताना पेडलवर मी बसलो होतो. ‘दाब’, ‘धरून ठेव’, ‘सोड’ या तीन शब्दांवर तासभर काम चालले. सुरू करण्यापूर्वी त्यांनी पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला. त्याचे कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की, नव्या सिलिंडरला त्याची गरज नाही, ही त्यांची सवय आहे. सवय कशी लागली तेही त्यांनी सांगितले. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल पार जमिनीपर्यंत दाबले तर पिस्टन त्या खवले आलेल्या, कधी न वापरलेल्या भागात शिरतो आणि वॉशरची कड फाटते. चांगला चाललेला मास्टर सिलिंडर हवा काढून घेतल्यानंतर महिन्याभरात गेला, अशी तक्रार आपण ऐकतो ती बऱ्याचदा या एका चुकीची असते. आमच्या पहिल्या गॅरेजने ‘एअर काढली’ तेव्हा काय झाले असेल, याचा मी आता फक्त तर्क करू शकतो.

शेवटी बूस्टर. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारले, ते कडक झाल्यावर धरून ठेवले आणि मग इंजिन सुरू केले. पेडल किंचित खाली बसायला हवे होते. ते जेमतेम हलले. आतला पडदा महिनोन्महिने त्या द्रव्यात भिजला होता, म्हणून बूस्टरही बदलावा लागला. पहिल्या टॉप-अपच्या वेळी कोणी सांध्याखाली बोट फिरवले असते तर एका सिलिंडरवर भागले असते.

हे काम घरी करावे का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. ज्यांनी पूर्वी ब्रेकमधून हवा काढली आहे, ज्यांच्याकडे गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल आहे आणि ज्यांच्या गाडीची एबीएस यंत्रणा (जोराच्या ब्रेकला चाके जाम होऊ न देणारी) हवा काढण्यासाठी दोष शोधणाऱ्या यंत्राची अट घालत नाही, त्यांनी जरूर करावे. इतरांनी करू नये, पण तपासणी मात्र स्वतः करावी. धरून ठेवलेले पेडल आणि सांध्याखालचे बोट यांना कोणाची परवानगी लागत नाही.

गॅरेजांकडे आणि त्यांना सर्व्हिसिंगचे तक्ते पुरवणाऱ्या उत्पादकांकडे माझी मागणी साधी आहे. तक्त्यावर ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’ या रकान्याऐवजी गाडी आली तेव्हाची पातळी, पॅडची उरलेली जाडी, चाकांची आतली बाजू व मास्टर सिलिंडरचा सांधा कोरडा की ओला, आणि अर्धा मिनिट धरलेले पेडल टिकले की नाही, एवढे चार रकाने असावेत. पातळी घटली असेल आणि पॅडच्या झिजेतून तिचा हिशेब लागत नसेल, तर ‘कारण सापडले नाही’ असे स्पष्ट लिहून मालकाची सही घ्यावी. ती सही करताना मी तरी प्रश्न विचारला असता. तोवर, बाटलीच्या बाहेरून पातळीच्या रेषेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर तारीख लिहून ठेवण्याचा उपाय मी करतो आहे. नवा सिलिंडर बसवला त्या दिवशीची पट्टी अजून तिथेच आहे आणि ऑइलही अजून तिच्या काठालाच आहे.

आपला नम्र,
एक वाचक